ब्लॉकमध्ये तुटलेला बोल्ट: ईझी-आउटला हात लावायच्या आधी

जुन्या गाड्यांच्या इंजिनांत तुटून बसलेले बोल्ट काढण्यात माझे किती रविवार गेले, याचा हिशोब मी ठेवलेला नाही. घरच्यांनी ठेवला असेल. एक मात्र ठामपणे सांगतो. ज्या ब्लॉकनी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडांनी, मला सगळ्यात जास्त रडवलं, त्यांत मूळ बोल्टचा दोष फारसा नव्हता. बोल्ट तुटल्यावर चिडून पुढच्या अर्ध्या तासात मी जे उद्योग केले, ते निस्तरायला दिवस लागले. त्या उद्योगांत पहिला मान ईझी-आउटचा, म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून आत रुतवायचं आणि उलटं फिरवून तो काढायच्या हत्याराचा. बोल्ट तुटला की हात आपोआप त्या डबीकडे जातो. खाली दिलेल्या क्रमात ईझी-आउट जवळजवळ शेवटी येतं. ते का, हे तिथे पोचल्यावर सांगतो.

लक्षणं

मुंडी पान्यात तशीच निघून आली तर सांगायला कोणी लागत नाही. पण पुष्कळदा बोल्ट आधीच, म्हणजे आधीच्या मालकाच्या काळात तुटलेला असतो आणि तो वेगळ्याच रूपात समोर येतो.

थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक-टिक असा आवाज येतो आणि पाच-दहा मिनिटांनी गाडी तापली की तो विरतो. लोक टॅपेट सेट करत बसतात. आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाची, दोन्ही टोकं बघा. हेडला (ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणाला) लागून काजळीची काळी रेघ असेल तर तिथला स्टड (बिनमुंडीचा, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) तुटलेला किंवा ढिला आहे. लांब बिडाचा मॅनिफोल्ड तापला की लांबीने वाढतो आणि त्या ओढाताणीचा मार टोकाच्या स्टडना बसतो. सहा सिलिंडर ओळीत असलेल्या इंजिनांत पहिला नाहीतर शेवटचा स्टड तुटलेला सापडतो, मधला क्वचित.

पाण्याच्या पंपाखाली किंवा थर्मोस्टॅटच्या घराखाली डाग पडतो, पॅकिंग बदललं तरी महिन्याभरात परत येतो. हेड गॅस्केट दर वेळी त्याच दोन सिलिंडरच्या मधे जळतं, कारण तिथला बोल्ट दाबच धरत नाही. आणि सगळ्यात लबाड प्रकार म्हणजे मुंडी जागेवर दिसते, रंगही दिलेला असतो, पण पाना लावला की ती बोटाने निघते. कोणीतरी तुटकी मुंडी एपॉक्सीने चिकटवून वर रंग मारलेला असतो. मला असे दोन भेटलेत.

बोल्ट अजून तुटलेला नसेल तर पान्यातून येणारी जाणीव ओळखायला शिका. किर्र असा कोरडा आवाज करत थोडासा जरी फिरला तरी बातमी चांगली आहे, बोल्ट हलतोय. पान्याला रबरासारखी लवचीक ओढ लागते आणि मग अचानक मऊ वाटतं, ती वाईट खूण. तिथे आटे सुटत नसतात, बोल्टची मान पिळली जात असते. त्या क्षणी हात थांबला तर या लेखाचा बराचसा भाग तुम्हाला लागणारच नाही. उलट दिशेने किंचित आवळा, परत सोडवा, तेल द्या, आणि पाव फेरा पुढे-मागे करत राहा.

पहिली तपासणी: विजेरी, भिंग आणि एक टोकदार सुई

याला खर्च शून्य, आणि सगळे निर्णय यावरच ठरतात. तुटलेला भाग ब्रशने साफ करा आणि भिंगातून बघा. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा चिकटलेलं पॅकिंग कोरडं घासू नका. ओलं करून खरवडा, पूड उडवायला हवा मारू नका.

तुटीवर भोवऱ्यासारख्या गोल-गोल रेघा असतील तर बोल्ट पिळून तुटला आहे. सोडवताना तुटला असेल तर याचा अर्थ खालचे आटे घट्ट धरून बसलेत आणि लढाई लांबणार. शिंपल्यावर असतात तशा एकामागे एक वळ्या आणि एका कडेला खरबरीत तुकडा दिसला तर बोल्ट थकून तुटला, म्हणजे वर्षानुवर्षं हिसके खात तडा वाढत गेला. अशा खुंटाला, म्हणजे भोकात उरलेल्या तुकड्याला, खाली कोणी पिळलेलं नसतं, त्यामुळे तो बऱ्याचदा सहज येतो. मान ओढून बारीक झालेली दिसली तर कोणीतरी बसवतानाच जास्त आवळला होता. तोही बहुधा सोपा, कारण आटे ताजे आणि मोकळे असतात. चौथा प्रकार आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या भोकातला: बोल्ट लांबीने जास्त, तळाला टेकला, तरी आवळत राहिले आणि तुटला. त्याची तळाची पकड एकदा सुटली की तो हाताने फिरतो.

म्हणून पहिला प्रयत्न सुईनेच करा. तुटीच्या कडेला टोक टेकवून उलट्या दिशेने ढकला. किंवा बारीक छिन्नी कडेला तिरकी धरून हलक्या हातोडीने टिचक्या मारा. मी हे दोन मिनिटं करतोच. थकून तुटलेला खुंट असा गोगलगायीसारखा हळूहळू वर येताना पाहिला की उरलेला दिवस चांगला जातो. दोन मिनिटांत हलला नाही तर सोडून द्या. कड ठेचून ठेवलीत तर पुढे ड्रिलचं केंद्र शोधताना त्रास तुम्हालाच होईल.

याच वेळी आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. एक, भोकामागे काय आहे. शेजारचा चांगला बोल्ट काढून त्याची लांबी मोजा. टोकाला गंज आणि चुना चढलेला असेल तर भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत) उघडतं, आणि मग काम सुरू करण्यापूर्वी ब्लॉकमधलं पाणी काढलंच पाहिजे. १९३२ साली आलेल्या फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ मध्ये आधी एका हेडला २१ आणि पुढे २४ स्टड होते, आणि त्यांतले पुष्कळ थेट पाण्यात उतरतात. त्या इंजिनाचं हेड काढणं म्हणजे किती स्टड शाबूत राहतील याची पैज. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाची तऱ्हा वेगळी. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असतं, त्यामुळे हेडच स्टडांवर गंजून बसतं. शिवाय ४.२ लिटरच्या नंतरच्या ब्लॉकमध्ये लांब स्टड पाण्यातून खाली जातात आणि मधेच गंजून बारीक झालेले असतात.

दुसरी गोष्ट, आटे कोणते. जुन्या गाडीत इथे गृहीत धरलं की फसलातच. व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंश. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने १९४८ साली ठरवलेल्या युनिफाइड आट्यांचा ६० अंश. अडीच सूत, म्हणजे ५/१६ इंचाच्या जाड आट्यांच्या बोल्टला दोन्हीकडे इंचाला १८ आटे येतात, त्यामुळे एक दुसऱ्यात जातो, आणि जातो म्हणूनच घात होतो. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि युनिफाइडचे १३. दोन महायुद्धांच्या मधल्या मॉरिस गाड्यांच्या इंजिनांत याहून गंमत आहे. मुंडीला व्हिटवर्थचा पाना बसतो आणि आटे मेट्रिक निघतात. शेजारच्या बोल्टवर आटेमापक लावा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण शेवटी टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) कोणता फिरवायचा ते यावरच अवलंबून आहे.

दुसरी: तेल, टिचक्या आणि धीर

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांमधली फट त्याने भरते आणि वर दाबही बसतो. तेलाचं काम त्या चुऱ्यात झिरपणं. त्याला वाट हवी, आणि ती हातोडीच्या टिचक्यांनी मिळते. खुंटावर पितळी पंच ठेवून सरळ, मध्यम ठोके द्या. दहा-बारा ठोके, तेल, थांबा. सकाळी, दुपारी, रात्री. दुसऱ्या दिवशी परत. मॅनिफोल्डच्या स्टडचं भोक मागून उघडं असेल तर तिथूनही तेल सोडा.

डब्ल्यूडी-४० हे नाव पाणी हटवण्यासाठी केलेल्या चाळिसाव्या मिश्रणावरून आलं आहे, आणि त्याची खरी हुशारी पाणी हटवण्यातच आहे. गंज भेदण्यासाठी वेगळं पेनिट्रेटिंग तेल घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळूनही पुष्कळजण वापरतात, मीही वापरतो. दोन्ही लवकरच वेगळे होतात, म्हणून दर वेळी बाटली हलवावी लागते. ॲसिटोन रंग उडवतं आणि भडकन पेट घेतं. ज्या दिवशी ते लावलं, त्या दिवशी ज्योत नाही.

तिसरी: धरायला काही आहे का

खुंट वर डोकावत असेल तर तुमचं नशीब चांगलं, ते घालवू नका. आधी मॅनिफोल्ड, पंप, जे काही वर बसलेलं आहे ते काढा. मग खुंटाची जास्त लांबी उघडी पडते. चांगले आटे शिल्लक असतील तर दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाला पाना लावा. आटे गेले असतील तर कानशीने समोरासमोर दोन सपाट बाजू घासून ग्रिप प्लायर करकचून लावा. रोलरचा स्टड पुलर असेल तर उत्तम, तो जितका पिळाल तितका घट्ट धरतो.

करवतीने खाच पाडून मोठा स्क्रू-ड्रायव्हर लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मोकळ्या खुंटाला तो चालतो. जाम खुंटाच्या खाचेच्या दोन्ही भिंती मात्र मोडतात आणि वेल्डिंगला उरलेली लांबीही हातची जाते.

लांब दांडा किंवा पाइप लावून जोर काढू नका. एकदा बोल्ट त्या जोराखाली तुटलाच आहे. खुंट तोच, धातू तोच, दुसऱ्यांदाही तसाच तुटेल, फक्त या वेळी ब्लॉकच्या पातळीच्या खाली.

चौथी: आच

ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट अडकला असेल तर आजूबाजूचा भाग तापवा, भोक सैल होतं. बीड आणि पोलाद यांचं प्रसरण जवळपास सारखं, तेव्हा बिडाच्या ब्लॉकला सगळीकडून शेकून काही साधत नाही. तिथे खुंट तापवायचा. तो फुगतो, भोवतालचा ब्लॉक थंड असल्याने त्याला जागा मिळत नाही, गंजाचा थर चिरडला जातो. थंड होताना खुंट आकसतो आणि केसाएवढी फट उरते. म्हणून खुंट लाल असताना पिळायची घाई नको, लाल लोखंड मऊ असतं. लाली जाऊ द्या, थोडं निवू द्या, मग कडेला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जाताना दिसतं. कधीकधी बारीक धूर पलीकडच्या भोकातून निघतो, म्हणजे मेण आरपार पोचलं. मग पुढे-मागे, पुढे-मागे.

बिडावर पाणी किंवा ओला बोळा कधीच नाही. अचानक निवलेलं बीड तडकतं, आणि तडा गेलेल्या ब्लॉकपुढे तुटलेला बोल्ट परवडला. कार्ब्युरेटर, पेट्रोलची नळी, तेलकट चिंध्या आधीच लांब ठेवा. आणखी एक गोष्ट जिवावरची आहे: काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं. ते फवारून त्यावर ज्योत किंवा वेल्डिंग नेलं तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. डब्यावर क्लोरीनचा उल्लेख असेल तर तो डबा आज कपाटातच राहू द्या.

पाचवी: नट वेल्ड करा

माझ्या हातून सगळ्यात जास्त बोल्ट याच रीतीने निघालेत, ब्लॉकच्या पातळीत तुटलेलेसुद्धा. खुंटावर वॉशर ठेवायचा, वॉशरच्या भोकातून खुंटाच्या मध्यावर मिग वेल्डिंगचा ठिपका घालून तो वर बांधत आणायचा आणि वॉशरला जोडायचा. मग वर नट, आणि नटाच्या आतून भरगच्च वेल्ड. नट बोल्टच्या मापापेक्षा एक माप मोठा घ्या, म्हणजे आत टोक घालायला जागा मिळते. जस्ताचा मुलामा असेल तर आधी घासून काढा, त्याचा धूर ताप आणतो. अर्थची क्लिप खुंटाजवळ ब्लॉकवर लावा, क्रँकवर नको. बॅटरी सोडवून ठेवा.

वेल्ड घसरून ब्लॉकलाच चिकटेल, ही भीती सगळ्यांना वाटते. पोलादाचा वेल्ड बिडाला असा सहज धरत नाही, त्यामुळे थोडासा ओघळ कडेला लागला तर तो सुटतो. आंधळेपणाने फटाफट वेल्ड मारत सुटलात तर मात्र आटे खराब होतील.

ही रीत इतकी चालते कारण एकाच वेळी दोन कामं होतात. खुंटाला आतून आच बसते, आणि तुम्हाला नवी मुंडी मिळते जी खुंटाच्या जवळपास पूर्ण जाडीला धरलेली असते. वेल्ड केल्यावर लाली जाऊन नट काळा पडू द्या, मग लहान पाना लावा. मोठा नको, लहान. आधी आवळायच्या दिशेने किंचित. मग सोडवायच्या. पहिला नट तुटून हातात येईल, बहुधा दुसराही. धीर सोडू नका, प्रत्येक वेळी खुंटाला नवी आच बसतेय. एका पंपाच्या बोल्टला मला पाच नट लागले होते. पाचव्या नटावर पाना फिरवताना मनगटाला आधी काही कळलंच नाही. नजर गेली तेव्हा नटाभोवती विटकरी पूड सांडलेली दिसली, आणि खुंट पाव फेरा फिरलेला होता.

ब्लॉक किंवा हेड ॲल्युमिनियमचं असलं तरी पोलादी खुंटावर हे जमतं, पण हात बसलेला हवा. हात बसला नसेल तर भंगारातल्या ब्लॉकवर आधी सराव करा.

सहावी: ड्रिल

इथून पुढे चूक झाली तर ती ब्लॉकमध्ये कायमची राहते. वेल्डिंगला जागाच नसेल, किंवा पाच-सहा नट तुटून खुंट जागचा हललाच नसेल, तरच इकडे या.

सगळा खेळ केंद्राचा आहे. पोलादी खुंट बिडापेक्षा चिवट, त्यामुळे बिट जरा बाजूला गेलं की ते मऊ बिडाकडे सरकतं आणि आटे खात जातं. तुटीचा उंचसखल भाग आधी सपाट घासून घ्या. शक्य असेल तर जो भाग तिथे बसतो तोच (मॅनिफोल्ड, पंप, हेड) परत उरलेल्या बोल्टनी बसवा, आणि त्याच्या भोकात बसेल अशी लेथवर वळलेली पोलादी नळी मार्गदर्शक म्हणून घाला. नळीचं आतलं भोक बिटाच्या मापाचं. हा तासाभराचा उद्योग कंटाळवाणा वाटतो, पण हातात ड्रिल धरून डोळ्याने केंद्र साधणारे जेवढे लोक मला भेटले, त्यांतल्या बहुतेकांच्या ब्लॉकमध्ये नंतर इन्सर्ट (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचे नवे आटे) बसलेला आहे. माझ्याही.

बिट डाव्या हाताचं, म्हणजे उलटं कापणारं घ्या आणि ड्रिल उलट फिरवा. कापताना ते खुंटाला सोडवायच्या दिशेनेच ढकलतं, आणि ड्रिलने तापलेला, मधून पोकळ झालेला खुंट कधीकधी बिटाबरोबरच वर येतो. हेडचे बोल्ट कडक पोलादाचे असतात, त्यांना कोबाल्टचं बिट लागतं. फेरे कमी, दाब सारखा, कटिंग तेल सतत. बिट नुसतं घासत राहिलं तर खुंटाचा वरचा भाग कडक होतो आणि पुढचं बिटही चालत नाही. खोली बिटावर चिकटपट्टी लावून ठरवा. पाण्याचं जॅकेट किंवा तेलाची वाट पलीकडे असू शकते.

१.२५ पिचच्या (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) ८ मिलिमीटर बोल्टला मी ३, मग ५, मग ६.५ असा जातो. या आट्यांच्या टॅपचं भोक ६.८ चं, म्हणजे ६.५ ला आटे अजून सुरक्षित असतात आणि खुंटाची उरते ती फक्त पातळ साल. १.५ पिचच्या १० मिलिमीटरला टॅपचं भोक ८.५, तिथे ८ वर थांबा. केंद्र बरोबर असेल तर सालीचं टोक सुईने आत दुमडून पक्कडीत धरता येतं आणि ती स्प्रिंगसारखी उलगडत येते. मग योग्य टॅप हाताने, अर्धा फेरा पुढे, पाव मागे.

आता ईझी-आउट

साधा हिशोब करा. दांड्याची पिळाला तोंड द्यायची ताकद जाडीच्या घनावर अवलंबून असते. जाडी निम्मी केली की ताकद आठव्या हिश्शावर येते. जो बोल्ट पूर्ण जाडीनिशी तो पीळ सोसू शकला नाही, त्याच्या पोटात त्याच्या निम्म्या जाडीचं ईझी-आउट घालून तुम्ही तोच पीळ देणार. त्याचं पोलाद कितीही कडक असलं तरी ते ठिसूळ असतं, वाकत नाही, सरळ मोडतं. त्यात निमुळतं, पिळाच्या खाचांचं ईझी-आउट पाचरीसारखं काम करतं. ते खुंटाला आतून फुगवतं आणि आट्यांत आणखी घट्ट रुतवतं. भोक मोठं पाडून जाड ईझी-आउट घ्यावं, तर उरलेली भिंत पातळ होऊन अजूनच फुगते.

मी शिकलो ते असं. ओळीतल्या सहा सिलिंडरांचं इंजिन गाडीतच होतं. शेवटचा मॅनिफोल्ड स्टड मागच्या पत्र्याला इतका जवळ होता की आरसा धरल्याशिवाय दिसत नव्हता. भोक नीट पडलं होतं. ईझी-आउट रुतलं, दांडा थोडा फिरला, मला वाटलं आला. मग काच तडकावी तसा बारीक, कोरडा आवाज. खुंट तसूभरही हलला नव्हता. फिरलेलं दिसलं ते ईझी-आउट स्वतः पिळलं जात होतं. मोडलेल्या तुकड्यावर साधं बिट नुसतं चकाकत फिरतं, ओरखडाही उठत नाही. कार्बाइडच्या बरने (ड्रिलसारख्या फिरणाऱ्या बारीक कानशीने) दोन संध्याकाळी घासल्यावर बर बाजूला घसरलं आणि हेडच्या बिडात चंद्रकोरीएवढी खाच पडली. शेवटी हेड उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडे न्यावं लागलं. जे काम आधीच द्यायला हवं होतं तेच, फक्त आता खाच भरायचं काम वाढलेलं.

त्यामुळे माझा नियम असा: ईझी-आउट फक्त अशाच खुंटाला, जो मोकळा असल्याची खात्री आहे पण सुईने पकड मिळत नाही. सरळ खाचांचं किंवा चौकोनी घ्या, ते कमी फुगवतं. लहान टॅप-दांड्याने दोन बोटांनी फिरवा. दोन बोटांनी आला नाही तर काढून ठेवा.

कधी थांबायचं

ईझी-आउट किंवा टॅप आत मोडलं, तर तिथेच थांबा. स्पार्क इरोजनमध्ये विजेच्या ठिणग्या द्रवाखाली धातू कणाकणाने उडवतात, त्यामुळे कडकपणाला तिथे किंमत नाही आणि आट्यांना धक्का लागत नाही. तुम्ही आधी घासाघीस केलेली असली तर त्यांचंही काम अवघड होतं.

ड्रिल केंद्रावरून सरकलं, भोकाच्या एका बाजूला पोलाद आणि दुसऱ्या बाजूला बिडाची राखाडी पूड दिसू लागली, तर थांबा. ब्लॉक मशीन शॉपमध्ये मिलिंगवर बांधून केंद्र परत मिळवता येतं. हेडचा बोल्ट दोन सिलिंडरांच्या मधे किंवा तेलाच्या वाटेजवळ तुटला असेल, आणि तुमच्याकडे ड्रिलची मार्गदर्शक नळी नसेल, तर सुरूच करू नका. भोकापासून केसासारखी रेघ निघालेली दिसली तर तडा तपासून घेतल्याशिवाय काहीही आवळू नका. आणि ब्लॉकला बदली मिळणं अशक्य असेल, इंजिनाचा क्रमांक नोंदीशी जुळणारी मूळ गाडी असेल, तर चौथ्या पायरीनंतर मी स्वतःसुद्धा हात मागे घेतो.

नवा बोल्ट बसवताना

आटे गेलेच असतील तर तारेचं हेलिकॉइल किंवा भरीव बुशचं टाइम-सर्ट बसवता येतं. हेडच्या बोल्टला मी भरीवच पसंत करतो. आंधळ्या भोकात तेल किंवा पाणी साचलेलं ठेवू नका. द्रव दबत नाही, बोल्ट पिस्टनसारखा उतरतो आणि बीड तडकतं. हवा मारताना चष्मा लावा. पाण्यात उघडणाऱ्या भोकाला आट्यांचं सीलंट, मॅनिफोल्डला तांब्याची किंवा निकेलची पेस्ट आणि पितळी नट. पेस्ट लावलेले आटे सहज फिरतात, त्यामुळे पुस्तकातला कोरड्या आट्यांचा टॉर्क (आवळायच्या जोराचा आकडा) तसाच दिलात तर बोल्ट जास्त ताणला जातो. तो कमी करावा लागतो. आणि शेजारचे सगळे स्टड त्याच वयाचे आहेत, तेव्हा हेड खाली आहे तोवर तेही बदलून टाका.

इंजिन दोन-तीन वेळा पूर्ण तापून निवलं की मॅनिफोल्डचे नट थंड असताना परत तपासा. टोकाच्या स्टडजवळ काजळीची नवी रेघ आली आहे का, तेही आरसा लावून बघा.